पाणी लहान होत नाही

जहाज लहान करता येतं, कार्मनू म्हणायचा.
एकास चोवीस.
धुराडी, शिड्या, जीवरक्षक नावा,
नांगराच्या साखळीची कडी न् कडी.
वेन्झूनं तर मागच्या कठड्यावर
कुणा खलाशाचा सदरा वाळत घातला होता,
पोस्टाच्या तिकिटाएवढा, बटणांसकट.

पाणी मात्र लहान होत नाही.
थेंब थेंबाएवढाच राहतो,
आणि वीस फुटी जहाजाच्या डेकवर
नारळाएवढा होऊन फुटतो.
सगळं सोंग तिथंच उघडं पडतं.

म्हणून आम्ही टाकीत साबण ओतायचो,
थेंब बारीक तुटावेत म्हणून.
विमानाच्या जुन्या पंख्यांनी
लाटांच्या शेंड्यांवरून फेस खरवडायचो.
कॅमेरा पाचपट वेगानं पळायचा.
इकडे सगळं घाईघाईनं उरकायचं,
म्हणजे तिकडे पडद्यावर
समुद्राला वजन यायचं.

कल्काराच्या त्या टाकीला
समुद्राच्या बाजूनं काठ असा दिसायचाच नाही.
पाणी कडेवरून सांडत राहायचं,
आणि मागचा खरा भूमध्य
आमच्या साबणपाण्याला येऊन चिकटायचा.
मी सतरा वर्षांचा होतो,
जोड कुठाय ते रोज शोधायचो.

कार्मनू गोदीतला माणूस.
तीस वर्षं जहाजांची भोकं बुजवली,
गोदी बंद पडल्यावर इथं आला.
आता भोकं पाडायचा पगार मिळतो, म्हणायचा,
आणि हसताना इकडेतिकडे बघून घ्यायचा,
जुना मुकादम ऐकत असल्यासारखा.

तर त्या दिवशी जहाज बुडेना.
तळाची झडप उघडली, दोर ओढला,
ते गुडघाभर वाकलं
आणि पुन्हा उभं राहिलं.
दुसऱ्यांदा तसंच.
लंडनहून आलेला दिग्दर्शक आम्हाला पाण्यात पाहू लागला.
ऊन उतरत चाललेलं, पिवळ्या दगडांवरून
सावली टाकीपर्यंत आलेली.
वेन्झू हळूच म्हणाला,
सांधे नको तितके चांगले बसवलेत यानं.
सवय आहे ती. ती काय झडपेनं निघते?

कार्मनूनं काही न बोलता पाठीवर नळकांडं चढवलं,
कमरेला शिसं बांधलं आणि खाली गेला.
हातानंच ओढलं त्यानं ते.
अकरा सेकंद.
नवव्या सेकंदाला, धुराड्याच्या डाव्या अंगाला,
एक बुडबुडा वर आला.
मोठा, डळमळता, घराएवढा, म्हणजे
चोवीसच्या हिशेबानं घराएवढा.
माझ्या पोटात गोळा आला. गेला शॉट.
दुसरं जहाज नव्हतं.
दिग्दर्शक मात्र टोपी काढून उभा राहिला होता.

नंतर कळलं, सुकाणूत हात अडकला तेव्हा
तोंडातली नळी निसटली होती.
चार टाके पडले. बायकोला सांगितलं,
डबा उघडताना कापलं.

वॅलेटाच्या थिएटरात आम्ही मागच्या रांगेत बसलो.
कार्मनू, त्याची ग्रेझ्झा, वेन्झू, मी.
पडद्यावर अकरा सेकंदांचं जवळजवळ मिनिट झालं.
जहाज वाकलं, काळं होत गेलं,
आणि मग पोटातून तो शेवटचा श्वास
सावकाश, फार सावकाश वर आला.
पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.
ग्रेझ्झानं रुमाल तोंडाला लावला.
कार्मनूनं कोपरानं मला ढोसलं
आणि कुजबुजला, मी तो.

ते जाऊ दे. मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ.
टाकी उपसताना जाळीवर फेसात अडकलेला
वेन्झूचा सदरा सापडला.
मी तो करंगळीवर वाळत घातला.
बाहीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता,
जवळजवळ अख्ख्या बाहीएवढा.
पडतोय की नाही ते बघत
मी हात न हलवता
बराच वेळ तिथं उभा होतो.